तीन तासांचा हिशेब : कार्टून आणि शिकवण्याची सक्ती

आजचा विषय दोन अक्षरांचा आहे. अमेरिकेत अँटेनावर फुकट दिसणाऱ्या वाहिन्यांवर मुलांचा कार्यक्रम लागला, की पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीकशी खूण दिसते, 'ई/आय'. म्हणजे एज्युकेशनल आणि इन्फर्मेशनल, शैक्षणिक आणि माहितीपर. आपले जे श्रोते न्यू जर्सीत किंवा टेक्सासात मुलं वाढवताहेत, त्यांनी ती पाहिली असेल आणि बहुधा तिच्याकडे लक्षही दिलं नसेल. या खुणेमागे जवळजवळ तीस वर्षांची भांडणं आहेत, एक कायदा आहे, 2 कोटी 40 लाख डॉलरचा एक दंड आहे, आणि शनिवार सकाळच्या कार्टूनचा शेवटही आहे.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. या नियमानं वेळ मोजली, गोष्ट मोजली नाही. आणि शिकवण गोष्टीच्या आतच मुरवता येते असा जो प्रकार, म्हणजे कार्टून, तोच या नियमाच्या राज्यात हळूहळू हद्दपार झाला. मात्र 'मग नियमच कशाला हवा होता' असं आम्ही म्हणणार नाही. नियम नव्हता तेव्हा काय चाललं होतं तेही बघू या.

मुळात सरकारचा संबंध येतो कुठे? तर अमेरिकेत हवेतून जाणाऱ्या लहरी या जनतेच्या मालकीच्या मानल्या जातात. स्थानिक केंद्राला त्या वापरण्याचा परवाना मिळतो, आणि तो देते एफसीसी, म्हणजे तिथला दळणवळण आयोग. परवाना मिळाला की 'जनहित' पाहायचं, अशी अट असते. आता मुलांचं जनहित म्हणजे काय, हा प्रश्न पेगी चॅरेन नावाच्या बाईंनी लावून धरला. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन गावच्या या बाई. 1968 साली त्यांनी 'ॲक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन' ही संघटना काढली. यांच्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या बंदीच्या विरोधात होत्या. हे दाखवू नका, ते कापा, अशी मागणी करणाऱ्या मंडळींशी त्या भांडल्या. त्यांचं म्हणणं, मुलांसाठी निवडीला जास्त आणि चांगलं ठेवा. आपल्याकडे मुलांच्या कार्यक्रमांवर चर्चा सुरू झाली की पहिला शब्द 'बंदी' हाच येतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

1980 च्या दशकात वारं उलटं फिरलं. रेगन यांच्या काळात एफसीसीचे अध्यक्ष होते मार्क फाउलर. टीव्ही म्हणजे चित्रं दाखवणारा टोस्टर, असं त्यांचं गाजलेलं मत. टोस्टरकडून कोणी जनहिताची अपेक्षा करत नाही. 1984 मध्ये मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींच्या वेळेवरची मर्यादा काढून टाकली गेली. त्याच्या आधीच, 1983 ला, मॅटेल कंपनीच्या बाहुल्यांवरून 'ही-मॅन' आलं होतं. मग 'ट्रान्सफॉर्मर्स' आलं, 'जी. आय. जो' आलं. खेळणं आधी, गोष्ट नंतर. अर्ध्या तासाचा कार्यक्रम म्हणजेच जाहिरात, मग मध्ये वेगळ्या जाहिराती मोजून करणार काय?

आणि गंमत बघा, याच कार्टूनांना शेवटी तात्पर्य असायचं. वीस मिनिटं तलवारी आणि स्फोट झाले, की ही-मॅन किंवा त्याच्या मित्रमंडळींपैकी कोणी कॅमेऱ्याकडे वळून सांगणार, की मित्राशी खोटं बोलू नका, आई-वडिलांचं ऐका. 'जी. आय. जो'मध्ये तर सैनिक येऊन विजेच्या पडलेल्या तारेला हात लावू नका वगैरे सांगायचे. आपण लहानपणी इसापनीतीत 'तात्पर्य' वाचलंय, पण तिथं निदान कोल्ह्याच्या वागण्यातून ते निघतं. इथं गोष्टीचा आणि तात्पर्याचा काहीही संबंध नाही. ते शेपूट आहे, गोंदानं चिकटवलेलं. या शेपटाकडे आपण परत येणार आहोत.

चॅरेनबाईंनी आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी काँग्रेसकडे धाव घेतली. 1988 चं विधेयक रेगन यांनी सही न करता खिशात ठेवून मारलं. 1990 चं विधेयक मात्र थोरल्या बुश यांच्या सहीशिवायच कायदा झालं. जाहिरातींना पुन्हा मर्यादा आली: शनिवार-रविवारी तासाला साडेदहा मिनिटं, इतर दिवशी बारा. आणि प्रत्येक केंद्रानं मुलांच्या शैक्षणिक गरजा भागवल्या की नाही, हे परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी बघायचं ठरलं. किती तास? ते लिहिलंच नव्हतं. शैक्षणिक म्हणजे काय? तेही मोघमच.

आता मोघम नियम दिला की कागद काय सांगतो ते बघा. पुढच्या दोनएक वर्षांत केंद्रांनी भरलेले कागद 'सेंटर फॉर मीडिया एज्युकेशन' या संस्थेनं तपासले. त्यात 'जेट्सन्स' शैक्षणिक निघालं, कारण ते मुलांना एकविसाव्या शतकातल्या जीवनाची ओळख करून देतं. हो, तेच जेट्सन्स, उडत्या गाड्या आणि रोबो मोलकरीण. 'जी. आय. जो'सुद्धा सामाजिक जबाबदारी शिकवणारा म्हणून यादीत. परीक्षेत निबंध येत नसला की मुलं जसं काहीतरी लिहून पानं भरतात, तसा हा प्रकार. फरक एवढाच, की हे लिहिणारे वकील होते.

त्यामुळे 1996 साली एफसीसीनं आकडा घातला. अध्यक्ष होते रीड हंट, क्लिंटन यांचा पाठिंबा होता. आठवड्याला तीन तास. कार्यक्रम किमान अर्ध्या तासाचा, दर आठवड्याला ठरल्या वेळी, सकाळी सात ते रात्री दहाच्या दरम्यान. 16 वर्षं आणि त्याखालच्या मुलांच्या गरजा भागवणं हा त्याचा 'महत्त्वाचा उद्देश' असला पाहिजे. अंमलबजावणी सप्टेंबर 1997 पासून. कायद्याच्या भाषेत ही सक्ती नव्हती, मार्गदर्शक रेघ होती. तीन तास दाखवले की नूतनीकरणाची फाईल खालच्या पातळीवरच मंजूर, नाहीतर आयोगापुढे उभं राहायचं. अशी रेघ असली की कोण ओलांडत नाही ते सांगायला नको. पण तीन तासांच्या पलीकडेही फारसं कोणी गेलं नाही.

या व्याख्येतला प्रत्येक शब्द आता परिणाम करू लागतो. आधी 'अर्धा तास' घ्या.

1973 साली एबीसीवर 'स्कूलहाऊस रॉक' सुरू झालं. डेव्हिड मकॉल नावाच्या जाहिरात कंपनीच्या मालकाला आपल्या मुलाबद्दल एक विचित्र गोष्ट दिसली. त्याला पाढे पाठ होत नव्हते, पण रॉक गाणी मात्र शब्दन् शब्द तोंडपाठ. मग पाढ्यांचीच गाणी का करू नयेत? त्यातून तीन-तीन मिनिटांची कार्टून गाणी आली. गुणाकार, व्याकरण, विधेयकाचा कायदा कसा होतो, सगळं. अमेरिकेतली एक अख्खी पिढी आजही ती गुणगुणते. हे काम कोणत्याही नियमानं करून घेतलेलं नव्हतं. आणि 1996 च्या नियमात ते बसलंही नसतं, कारण तीन मिनिटं म्हणजे अर्धा तास नव्हे. त्या तीन तासांत त्याला शून्य गुण.

जाता जाता, आपल्याकडचं उदाहरण आठवतं म्हणून. 'एक अनेक और एकता' ही विजया मुळे यांची 1974 ची फिल्म्स डिव्हिजनची कार्टून फिल्म. सात-आठ मिनिटांची. दूरदर्शनवर आपण ती किती वेळा पाहिली असेल. एक आणि अनेक यांतला फरक त्यात पक्ष्यांच्या गोष्टीतून कळतो, तो कोणी शेवटी येऊन सांगत नाही. तीही त्या अर्ध्या तासाच्या फूटपट्टीत नापास झाली असती.

दुसरा शब्दप्रयोग. 'गरजा' म्हणजे बौद्धिकच नव्हे, तर सामाजिक आणि भावनिकसुद्धा, असं एफसीसीनं म्हटलं. तत्त्व म्हणून हे आम्हाला पूर्ण मान्य आहे. मुलाला मैत्री कशी निभावायची हे कळणं हे भूमितीपेक्षा कमी नाही. पण या दारातून काय काय आत आलं? एनबीसीनं बास्केटबॉलचा 'एनबीए इनसाइड स्टफ' शैक्षणिक म्हणून मोजला. खेळाडू मेहनत करतात, मुलांनी त्यापासून शिकावं. या हिशेबानं आपल्याकडचा रात्रीचा क्रिकेट सामनाही बालशिक्षण ठरेल.

याच दारातून 'रीसेस'ही आलं, आणि त्याच्याबद्दल आम्हाला मनापासून चांगलं बोलायचंय. सप्टेंबर 1997, म्हणजे नियम लागू झाला त्याच महिन्यात एबीसीवर सुरू झालेलं हे कार्टून. मधली सुट्टी, शाळेचं मैदान, आणि त्या मैदानावर मुलांनी उभं केलेलं एक राज्य. वरच्या वर्गातला एक मुलगा राजा. लिहून न ठेवलेले कायदे. चुगलखोर. आणि सहा मित्रांची टोळी. एका भागात मैदानावर स्टिकर हेच चलन होऊन बसतं आणि सगळे व्यवहार त्यात सुरू होतात. सगळ्यांनी मानलं म्हणून कागदाच्या तुकड्याला किंमत येते, ही अर्थशास्त्रातली अवघड कल्पना तिथं दहा वर्षांचं पोर हसत हसत गिळतं. तिचं नावही घ्यावं लागत नाही, कारण ती कथेचा कणाच आहे. हे शैक्षणिक आहे का? आमच्या मते, त्या काळातल्या शिक्का मारलेल्या बहुतेक कार्यक्रमांपेक्षा जास्त. पण तपासणाऱ्याच्या कागदावर 'रीसेस' आणि 'इनसाइड स्टफ' दोघांनाही अर्धाच तास मिळतो.

मग वॉर्नर ब्रदर्सचं 'हिस्टीरिया!' घ्या. 1998 ते 2000, 52 भाग. नियमाची भूक भागवायला म्हणून थेट केलेलं, इतिहास विनोदी नकलांमधून सांगणारं कार्टून. त्यातलं आम्हाला सगळ्यात आवडणारं पात्र म्हणजे वाहिनीच्या सेन्सॉर बाई. कथा रंगात आली की त्या मध्येच येऊन हे दाखवता येणार नाही म्हणून हटकतात. म्हणजे नियमासाठी जन्मलेल्या कार्यक्रमानं नियम लावणारीलाच पात्र करून टाकलं. कधी हा इतिहास फार घाईत जातो, विनोद तर इतका वेगवान की सन-सनावळी बाजूला राहतात. पण हे लोक शेपूट चिकटवत नाहीत, ते शेपटाचीच टिंगल करतात.

आणि 'मॅजिक स्कूल बस'. हे 1994 ला पीबीएसवर, म्हणजे सार्वजनिक वाहिनीवर आलं. मागे स्कॉलॅस्टिक प्रकाशन आणि राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचा पैसा. मिस फ्रिझल वर्गाला बसमध्ये घालून कधी एखाद्या मुलाच्या पोटात नेते, कधी सूर्यमालेत. यालाही शेवटी शेपूट आहे, पण काय शेपूट! भाग संपला की फोन वाजतो. कोणी मूल विचारतं, 'तुम्ही दाखवलंत ते खरं कसं असेल? बस लहान होऊ शकत नाही, पोटात इतका उजेड नसतो.' आणि कार्यक्रमाचा निर्माता कबूल करतो, हो, इथं आम्ही गोष्टीसाठी थोडी फेरफार केली, खरं असं असतं. ही-मॅनचं शेपूट मुलाला गप्प बसवतं. हे शेपूट त्याला आपण नुकतंच पाहिलेलं तपासायला लावतं. दोन्ही साधारण मिनिट-दोन मिनिटांची, दोन्ही कार्टून संपल्यावर येणारी. समीक्षा करायची तर या दोन शेपटांमधल्या फरकाची करायला हवी, आणि तो फरक घड्याळाला कळत नाही.

तुम्ही म्हणाल, अहो, सरकारनं काय समीक्षक नेमायचे? नाही, तेही धोक्याचं. आशयावर बोट ठेवणारं सरकार कोणालाच नको, म्हणून तर चॅरेनबाई बंदीविरुद्ध होत्या. एफसीसीनं आशयाचा निर्णय केंद्रांवर सोडला तो याच भीतीनं, आणि ती भीती खोटी नव्हती. अडचण खरी आहे हे मान्य करूनच पुढे जाऊ.

एकदा मात्र एफसीसीनं आशयावर बोट ठेवलं. 'युनिव्हिजन' या स्पॅनिश जाळ्याच्या केंद्रांनी 'कोंप्लिसेस अल रेस्काते' नावाची मेक्सिकन मालिका शैक्षणिक म्हणून मोजली होती. दोन जुळ्या मुली, एकमेकींच्या जागी जातात, मग रडारड, कारस्थानं, गाणी. आपल्या संध्याकाळच्या मालिकांची सख्खी बहीण. 2007 साली युनिव्हिजननं 2 कोटी 40 लाख डॉलर भरून तडजोड केली. ती मालिका शैक्षणिक नव्हती, यात आम्हाला शंका नाही. पण भुर्दंड बसला तो कोणाच्या मुलांसाठी असलेल्या वाहिनीला? स्पॅनिश बोलणाऱ्या, बहुतांश स्थलांतरित घरांच्या. आणि बास्केटबॉल मात्र निर्धास्त सुटला.

आता पैशाकडे येऊ, कारण कार्टून गेलं ते शेवटी पैशापायी.

हा तीन तासांचा नियम केबलला लागू नव्हता, कारण केबल वाहिनीला लहरींचा परवाना लागत नाही. आणि लहान मुलांसाठीचं त्या काळातलं सर्वांत विचारपूर्वक काम झालं ते केबलवरच. निकेलोडियनचं 'ब्लूज क्लूज', 1996. प्रत्येक भाग तयार होताना लहान मुलांसमोर पुन्हा पुन्हा तपासला जायचा. मुलं कुठे कंटाळतात, प्रश्नानंतर उत्तराला किती वेळ थांबायचं, हे बघून बदल व्हायचे. आणि एकच भाग सलग पाच दिवस दाखवायचे, कारण तीन-चार वर्षांच्या मुलाला पुन्हा पुन्हा तेच बघण्यात आनंद असतो आणि दर वेळी त्याला जास्त कळतं. कोणत्याही आजीला हे ठाऊक आहे. तीच गोष्ट रोज रात्री, एक शब्द बदलला तरी नातू भांडतो. टीव्हीच्या धंद्याला मात्र हे संशोधन करून कळलं. अशा कामाला माणसं लागतात, महिने लागतात. नियमानं तास मागितले, पण या महिन्यांचा खर्च कोण देणार हे कुठेच म्हटलं नाही.

मग खुल्या वाहिन्यांनी काय केलं? एनबीसीनं तर 1992 लाच शनिवारची कार्टून्स बंद करून कुमारवयीनांच्या मालिका आणल्या होत्या. सीबीएसनं 2000 नंतर निकेलोडियनची कार्टून्स उसनी घेतली. ते तरी बरं म्हणायचं. पण 2011 ला एबीसीनं आपली सकाळ 'लिटन' नावाच्या कंपनीकडे सोपवली. 2013 ला सीबीएस, 2014 ला सीडब्ल्यू, 2016 ला एनबीसीही त्याच वाटेनं गेली. 27 सप्टेंबर 2014 ला सीडब्ल्यूवरची शेवटची कार्टूनची सकाळ संपली. त्याजागी आले प्राणी, समुद्र, प्रवास, स्वयंपाक. माणसं घेऊन कॅमेऱ्यानं शूट केलेले कार्यक्रम. '13 ते 16 वयासाठी' असा शिक्का. एक मिनिट कार्टून चितारण्यापेक्षा एक मिनिट सिंह दाखवणं कितीतरी स्वस्त. 'सी रेस्क्यू' नावाच्या कार्यक्रमात समुद्री प्राण्यांचे जीव वाचवले जातात, आणि ते वाचवताना दिसतात ती सीवर्ल्ड या करमणूक उद्यानाची माणसं. खेळणं गेलं, उद्यान आलं. 1983 पासून आपण किती पुढे आलो, ते तुम्हीच ठरवा.

नियमानंच कार्टून मारलं, असं अनेक जण हळहळून सांगतात. आम्हाला ते अर्धंच खरं वाटतं. चोवीस तास कार्टून दाखवणाऱ्या केबल वाहिन्या आल्या, जाहिरातींच्या मिनिटांवर मर्यादा होती, प्रेक्षक फुटले. शनिवारची सकाळ तशीही आजारीच होती. नियमानं एवढंच केलं, की त्या रिकाम्या खुर्चीवर सर्वांत स्वस्त माणूस बसला तरी हजेरी लागेल अशी सोय करून दिली. आणि 13 ते 16 चा शिक्का मारल्यावर पाच-सहा वर्षांचं मूल हिशेबातूनच गेलं. कायदा ज्याच्यासाठी झाला ते मूल तेच होतं.

जुलै 2019 मध्ये एफसीसीनं नियम सैल केले. आता आठवड्याऐवजी वर्षाचा हिशेब, 156 तास. वेळ सकाळी सहापासून धरायची. त्यातले 52 तासांपर्यंत छोटे किंवा अनियमित कार्यक्रम चालतील. म्हणजे 'स्कूलहाऊस रॉक'ला अखेर दार उघडलं, पण सेहेचाळीस वर्षं उशिरा, आणि तेव्हा ते बनवायला कोणी उरलं नव्हतं. काही तास केंद्राच्या दुय्यम प्रवाहावर, म्हणजे अँटेनावरच पण फारसं कोणी बघत नाही अशा वाहिनीवर टाकता येतील. युक्तिवाद असा होता, की आता मुलं केबलवर, इंटरनेटवर बघतात, इतकं पुष्कळ आहे. हे ज्या घरात इंटरनेट आहे त्या घराबद्दल खरं आहे. ज्या घरात फक्त अँटेना आहे, तिथल्या मुलाला निवड पूर्वीपेक्षा कमी झाली. चॅरेनबाई हे बघायला नव्हत्या, त्या 2015 मध्ये वारल्या.

आणि हे सगळं दूर अमेरिकेतलं म्हणून सोडून देऊ नका. नोव्हेंबर 2022 मध्ये आपल्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार बहुतेक वाहिन्यांनी रोज तीस मिनिटं राष्ट्रीय महत्त्वाच्या आणि सामाजिक विषयांवर द्यायची आहेत. विषय आठ. त्यात पहिलाच शिक्षण आणि साक्षरता. ही तीस मिनिटं सलग असण्याची गरज नाही, आणि मालिकेच्या पोटात एखादा प्रसंग घातला तरी मोजता येतो. म्हणजे अमेरिकेची अर्ध्या तासाची चूक आपण केली नाही. पण मुलांसाठी वेगळी मोजणी त्यात कुठेच नाही. महिन्याचा अहवाल वाहिन्यांनी स्वतःच भरायचा आहे. आज मराठीत मुलांसाठी रोज घडवलेलं कार्टून कुठल्या वाहिनीवर आहे, हे आधी शोधा, आणि मग त्या अहवालात 'शिक्षण' या रकान्यासमोर काय काय लिहिलं जात असेल याचा विचार करा. जेट्सन्सची यादी आठवून करा. प्रश्नोत्तरांना आपल्याकडे वीस मिनिटं आहेत.